आकडा बरोबर, पण कुठला?

सोलरवर चालणाऱ्या घरात काही बिनसलं की पहिला आळ चार्ज कंट्रोलरवर येतो. पॅनेलं छपरावर, नजरेआड असतात. बॅटरी कोपऱ्यात मुकाट बसलेली असते. डोळ्यांसमोर भिंतीवर असतो तो हा एकच डबा, ज्याचे दिवे लुकलुकतात आणि आकडे बदलतात. मग संध्याकाळी दिवे गेले की घरातलं कुणीतरी त्याच्यासमोर जाऊन उभं राहतं, दोन-तीन बटणं दाबून पाहतं आणि म्हणतं, "कंट्रोलर गेला वाटतं." पुष्कळदा तो काढलाही जातो. नवा बसतो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच रड सुरू होते.

आमच्याकडे हे वाक्य बाबांनी उच्चारलं होतं, आणि त्यांचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. लक्षणं खरंच चमत्कारिक होती. ऊन डोक्यावर यायच्या आतच कंट्रोलर बॅटरी भरत आल्याचं दाखवायचा, दुपारी तर भरल्याचा हिरवा दिवाही लागलेला असायचा. आणि त्याच रात्री, फार उशीर व्हायच्या आत, तोच कंट्रोलर बॅटरी संपली म्हणून दिवे-पंखे तोडायचा. ते बंद पडले की डिस्प्लेवरचं व्होल्टेज लगेच वर चढायचं. दिवसा भरल्याचं सांगायची घाई, रात्री संपल्याचं सांगायची घाई. अशा यंत्रावरचा विश्वास उडणं साहजिक आहे.

मला मात्र या दोन तक्रारी एकत्र असणं हीच हातात सापडलेली पहिली खूण वाटली. नुसती बॅटरी थकली असती तरी असं होऊ शकतं, हे मला माहीत होतं. पण दोन्ही टोकांना एकाच वेळी चूक होत असेल, तर दोन्ही वेळी जे मध्ये येतं ते आधी पाहायला हवं. आणि दिवसा आत जाणारा, रात्री बाहेर येणारा, दोन्ही करंट एकाच वायरच्या जोडीतून जातात.

पण त्याआधी हा डबा मुळात करतो काय, ते सांगायला हवं.

पॅनेल आणि बॅटरी ही काही एकमेकांसाठी घडवलेली जोडी नाही. शिशाची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली, विजेचे दिवे घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी. प्रकाश पडल्यावर वीज निर्माण होते हे एदमों बेकेरेलला १८३९ मध्येच दिसलं होतं, पण कामाला येईल असा सिलिकॉनचा सेल उजाडायला १९५४ साल लागलं. बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी तो केला, त्याची कार्यक्षमता ६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे या दोन वस्तूंच्या जन्मात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे, आणि स्वभावांत त्याहून जास्त. पॅनेल ऊन असेल तेवढा करंट ढकलत राहतं, पुढे कोण आहे आणि त्याचं पोट भरलंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १२ व्होल्टसाठीच्या ३६ सेलच्या पॅनेलला काहीही जोडलेलं नसेल तर त्याच्या टोकांवर २१-२२ व्होल्ट दिसतात. उलट १२ व्होल्टची शिशाची बॅटरी म्हणजे ६ सेल एकापुढे एक. पूर्ण भरून शांत बसलेली असेल तर तिच्यावर १२.७ च्या आसपास, अर्धी उतरली तर १२.१-१२.२, आणि ११.८ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामी. भरलेल्या ते रिकाम्या असा सगळा संसार एका व्होल्टात आटोपतो. म्हणून सोलरच्या कामात अर्ध्या व्होल्टची चूक ही मोठी चूक असते.

या दोघांच्या मध्ये कंट्रोलर उभा असतो. सुरुवातीला तो येईल तेवढा करंट आत जाऊ देतो. व्होल्टेज चढत चढत १४.४ च्या आसपास पोचलं (बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे थोडं कमी-जास्त) की तो तिथेच धरून ठेवतो. या टप्प्याला अ‍ॅब्सॉर्प्शन म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या चार्जिंगचा जीव याच टप्प्यात आहे. व्होल्टेज हलत नाही, पण करंट आपोआप ओसरत जातो, कारण बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, तिथे घाई चालत नाही. करंट पुरेसा ओसरला, किंवा ठरलेला वेळ संपला, की कंट्रोलर १३.५-१३.८ वर उतरतो आणि बॅटरी नुसती टिकवून धरतो. त्याला फ्लोट म्हणतात.

म्हणूनच भर दुपारी कडक ऊन असताना डिस्प्लेवर एक-दोनच अँपिअर दिसले तर घाबरायचं कारण नाही. बॅटरी भरली असेल तर कंट्रोलर हात आखडता घेतो, आणि ते त्याचं कामच आहे. अशा वेळी मोठा पंखा किंवा एखादा पंप लावून पाहावा. लोड पडताच करंट वर गेला तर सगळं ठीक चाललंय. ही एवढीशी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती चांगले कंट्रोलर भिंतीवरून उतरवले गेले असतील, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता मूळ मुद्दा. कंट्रोलर १४.४ व्होल्ट धरून ठेवतो, पण ते कुठले १४.४? त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचे. त्याला बॅटरी दिसत नाही. त्याला दिसतात त्याच्याच पोटाखालचे दोन स्क्रू, आणि तिथे जे आहे तेच बॅटरीवर असणार असं तो गृहीत धरतो. मध्ये केबल आहे, फ्यूज आहे, लग आहेत (केबलच्या टोकाला नळीत चेपून बसवलेली, बोल्टखाली आवळायची धातूची पट्टी), नट-बोल्ट आहेत. त्यातलं काही बिघडलं तर पांघरुणावर हात ठेवून ताप बघावा तसं त्याचं होतं.

आमची व्यवस्था लहानशी आहे. १५० अँपिअर-अवरची पाण्याची ट्युब्युलर बॅटरी, ३६ सेलची दोन पॅनेलं आणि २० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडून-तोडून करंट आवरणारा. दिवे आणि पंखे डीसीवर, कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरून. ऊन चांगलं असेल तर दुपारी १६ अँपिअरपर्यंत करंट येतो. असा भरपूर करंट चालू असतानाच मोजायचं, हे मी ठरवलं होतं. सकाळी-सकाळी, दोन अँपिअरवर मोजलं असतं तर काहीच सापडलं नसतं. वायरमधला रोध करंट वाहतानाच स्वतःला प्रकट करतो.

बाबा कंट्रोलरपाशी उभे राहिले, मी मल्टिमीटर घेऊन बॅटरीपाशी बसले. मीटरची दोन टोकं मी लगवर न टेकवता थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवली.

"बाबा, आता वाचा."

"चौदा पॉइंट चार. करंट सोळा."

माझ्या मीटरवर तेरा पॉइंट नऊ होते.

"परत एकदा बघा ना."

"अगं, चौदा पॉइंट चारच आहे. हलतसुद्धा नाही."

मग तोच मीटर कंट्रोलरच्या टर्मिनलवर नेला. तिथे त्यानेही १४.४ दाखवले. म्हणजे डिस्प्ले खरं बोलत होता आणि मीटरही खरं बोलत होता. हा क्षण मला फार आवडतो, आणि अशा कुठल्याही तपासात तो आवर्जून गाठावा असं मी म्हणेन. दोन यंत्रं एकमेकांशी जुळताहेत, तरी दोन जागांचे आकडे जुळत नाहीत. आता संशयाला नेमकी जागा मिळालेली असते. अर्धा व्होल्ट कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामधल्या दोन मीटर वाटेवर कुठेतरी गळत होता.

यातून पुढचं सगळं उलगडतं. १४.४ गाठले म्हणून कंट्रोलर अ‍ॅब्सॉर्प्शनला लागायचा, तेव्हा बॅटरी १३.९ वरच असायची. करंट ओसरायला लागायचा. तो अर्धा झाला की गळतीही अर्धी, पाव व्होल्ट. म्हणजे शेवटी शेवटी बॅटरी खऱ्या १४.४ च्या जवळ पोचली असती, वेळ मिळाला असता तर. पण आमच्या कंट्रोलरचं घड्याळ पहिल्यांदा १४.४ दिसले तिथपासून चालू व्हायचं आणि दोन तासांनी तो फ्लोटवर उतरायचा. हिरवा दिवा लागायचा. बॅटरी अर्धपोटीच राहायची. एका दिवसाची ही तूट किरकोळ असते. रोजची झाली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात, बॅटरीची धारणशक्ती कमी होते, आणि गंमत म्हणजे तशी बॅटरी आणखी लवकर 'भरते', कारण भरायला आत जागाच उरत नाही.

आणि रात्री? रात्री करंट उलट्या दिशेने, बॅटरीकडून कंट्रोलरकडे आणि तिथून दिव्या-पंख्यांकडे वाहतो. तीच गळती, पण आता कंट्रोलरला बॅटरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. आमचा रात्रीचा लोड ८ अँपिअरच्या आसपास, म्हणजे पाव व्होल्टाचा फरक. कंट्रोलरने ११.१ ला लोड तोडला तेव्हा बॅटरीवर अजून ११.३५ होते. एकच खराब जागा दिवसा बॅटरी जास्त भरलेली दाखवत होती आणि रात्री जास्त रिकामी. कंट्रोलर दोन्ही वेळा त्याला मिळालेल्या माहितीप्रमाणे अगदी बरोबर वागत होता.

लोड तुटल्यावर व्होल्टेज वर चढतं त्याबद्दलही इथेच सांगते, कारण त्यातून बरंच कळतं. लोड तुटताक्षणी आकडा उडी मारून वर गेला तर ती उडी बहुतांशी वायर-जोडण्यांच्या रोधाची असते, थोडी बॅटरीच्या आतल्या रोधाचीही. त्यानंतर काही मिनिटं आकडा हळूहळू चढत राहतो, तो भाग बॅटरीच्या रसायनाचा. उडी मोठी असेल तर जोडण्या तपासा, उडी लहान पण चढ लांबलचक असेल तर बॅटरीकडे वळा. डिस्प्लेकडे दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहिलं तरी एवढं समजतं, मीटरसुद्धा लागत नाही.

अर्धा व्होल्ट नेमका कुठे जातो हे शोधण्याची रीत सोपी आहे आणि तरी ती फार थोडे लोक वापरतात. बहुतेक जण मल्टिमीटर 'बीप'वर ठेवतात, वायरच्या दोन टोकांना लावतात, बीप वाजतो, आणि वायर चांगली आहे असं ठरवून मोकळे होतात. पण तो बीप काही ओहमच्या रोधावरही खुशाल वाजतो. आपल्याला शोधायचा असतो ओहमचा शंभरावा भाग. ओहमच्या रेंजवर मोजायला जावं तर मीटरच्या स्वतःच्या दोन दोऱ्यांचाच रोध त्याच्या दसपट भरतो. म्हणून रोध मोजायला जायचंच नाही. भरपूर करंट वाहता ठेवायचा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि एकाच वायरच्या दोन बाजूंना दोन टोकं टेकवायची, अधिकला नि उणेला नव्हे. निरोगी जोडणीवर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, काही मिलिव्होल्ट. जिथे आकडा दिसेल तिथे वीज सांडतेय.

मी कंट्रोलरपासून सुरुवात केली. अधिकच्या केबलवर, टोकापासून टोकापर्यंत, ०.१ व्होल्ट. दोन मीटर लांबीच्या ६ स्क्वेअर एमएम तांब्याला १६ अँपिअरवर तेवढे लागतातच, त्यात दोष नाही. फ्यूजच्या दोन बाजूंना ०.०३. बॅटरीचा खुंट आणि त्यावरचा लग यांच्यामध्ये मीटर हललाच नाही. उणेच्या केबलवरही ०.१. आता बेरीज अर्ध्या व्होल्टपर्यंत जात नव्हती आणि मोजायची एकच जागा उरली होती. उणेच्या केबलचा बॅटरीकडचा लग. त्याच्या तोंडाशी इन्सुलेशन जरा मागे सरकलं होतं आणि तांब्याच्या तारा दिसत होत्या. एक टोक त्या उघड्या तांब्यावर, दुसरं लगच्या पट्टीवर. मध्ये बोटाच्या पेराएवढंही अंतर नाही. मीटरने ०.२७ दाखवले.

बाहेरून लग अगदी व्यवस्थित होता. नट घट्ट, खुंट स्वच्छ, वर ग्रीससुद्धा लावलेलं. जवळून पाहिलं तेव्हा त्याच्या नळीवर पकडीचे दात उमटलेले दिसले. बसवणाऱ्याने क्रिम्पिंगच्या हत्याराऐवजी साध्या पकडीने तो चेपला होता. तारा आत सैल राहिल्या, बॅटरीशेजारच्या आम्लाच्या वाफेत त्यांच्यावर काळपट थर चढला, आणि जोडणी हळूहळू रोध होत गेली. ०.२७ व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे सव्वाचार वॉटच्या थोडं वर. एवढी उष्णता त्या एवढ्याशा नळीत दिवसभर मुरत होती. बोट जवळ नेल्यावर ऊब जाणवत होती आणि लगच्या तोंडाजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. हे असंच चालू राहिलं असतं तर उष्णतेने थर वाढला असता, थराने उष्णता वाढली असती. अशा कामात हलगर्जीपणा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लग चांगला वापरला, ग्रीस लावलं, आणि ज्या एका दाबावर सगळं अवलंबून असतं तो दाब नीट दिला नाही.

इथे कामाचा क्रम सांगायलाच हवा, कारण त्यात चुकलं तर नुकसान लगपेक्षा मोठं होतं. आधी लोड बंद करायचा, मग पॅनेल तोडायचं, शेवटी बॅटरी. जोडताना याच्या उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल, मग लोड. बॅटरी जोडलेली नसताना पॅनेल जोडलेलं राहिलं तर काही कंट्रोलर जळतात. शिवाय अनेक कंट्रोलर बॅटरी जोडल्याक्षणी तिचं व्होल्टेज बघून व्यवस्था १२ ची की २४ ची ते ठरवतात. खूप उतरलेली २४ व्होल्टची बॅटरी ते १२ ची समजून बसू शकतात. पॅनेलची वायर भर उन्हात, करंट वाहत असताना उपसू नये. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायची संधी असते. डीसीला ती संधी नाही, एकदा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, धरला की तो धरूनच राहतो. म्हणून पॅनेलच्या बाजूला डीसीसाठी बनवलेलाच एमसीबी हवा. घरातला एसीचा एमसीबी तिथे लावू नये. आणि बॅटरीपाशी वाकण्याआधी अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावं. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण पान्याने किंवा बांगडीने दोन खुंट जोडले गेले तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू क्षणात लाल होतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. खिडकी उघडी ठेवून काम करावं.

आम्ही दोन्ही केबल बदलल्या, १० स्क्वेअर एमएमच्या घेतल्या. कलई केलेले लग षटकोनी दाब देणाऱ्या क्रिम्पिंगच्या हत्याराने बसवले, वर स्लीव्ह तापवून आवळली. पुन्हा दुपार, पुन्हा १६ अँपिअर. या वेळी बाबा मीटर घेऊन बॅटरीपाशी बसले, त्यांनाच स्वतः बघायचं होतं. दोन्ही टोकांतला फरक आता ०.१५ च्या आसपास. बाबांनी तो एकेका लगवर मीटर टेकवून पुन्हा पडताळला. कंट्रोलर बदलायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

बॅटरीचं मात्र लगेच भलं झालं नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. इतके दिवस अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या सेलमध्ये फरक पडलेला असतो. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावून पाहिलं तर पाच सेलची घनता जवळपास सारखी होती आणि एक सेल मागे होता. पाण्याच्या बॅटरीला अशा वेळी इक्वलायझेशन देता येतं. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तो पर्याय असतो. काही काळ व्होल्टेज १५ च्या वर नेऊन मागे राहिलेल्या सेलला भरायची संधी द्यायची. त्याआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची, लोड टर्मिनलवरचे दिवे काढून ठेवायचे, कारण काहींना एवढं व्होल्टेज सोसत नाही, आणि खोली मोकळी ठेवायची. जेल किंवा एजीएम या बंद प्रकारच्या, किंवा लिथियम बॅटरीला हे अजिबात करायचं नाही. आमचा मागे राहिलेला सेल बराचसा वर आला, पूर्ण नाही. सल्फेटचे घट्ट झालेले स्फटिक सगळे विरघळत नाहीत. बॅटरीचं जे आयुष्य त्या लगने खाल्लं ते गेलंच.

दर वेळी दोष वायरमध्येच असतो असं मुळीच नाही. उष्णता मोजणारा सेन्सर बॅटरीवरून निसटून उन्हाच्या भिंतीला लागला असेल तरी नेमकं असंच होतं. सेलमागे अंशाला ४ मिलिव्होल्ट या हिशेबाने, सेन्सरला बॅटरी १७ अंशांनी जास्त गरम भासली की सहा सेलचा कंट्रोलर ०.४ व्होल्ट लवकर थांबतो. बॅटरीचा प्रकार चुकून जेलवर गेलेला असू शकतो, त्यासाठी एक बटण जास्त वेळ दाबलं जाणं पुरेसं असतं. बॅटरी म्हातारी असू शकते. पॅनेलच्या मागच्या डबीतला एखादा बायपास डायोड (सावलीत आलेल्या सेलना वळसा घालून करंट जाऊ देणारा) शॉर्ट झाला तर ६० सेलच्या पॅनेलचं मोकळं व्होल्टेज ३७ वरून २५ च्या आसपास उतरतं, एक तृतीयांश भाग बाद होतो. हे मोजायला सोपं आहे. फसवं असतं ते पॅनेलकडचं सैल कनेक्टर. नुसतं व्होल्टेज मोजलं तर तिथे पूर्ण दिसतं, कारण मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. वायरीभोवती पकडायच्या क्लॅम्प मीटरने करंट बघितल्याशिवाय ते पकडीत येत नाही.

आणि कधीकधी कंट्रोलर खरोखरच गेलेला असतो. तेही त्याच पद्धतीने, दोन जागांचे आकडे शेजारी ठेवून कळतं. आमच्यासारख्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये चार्जिंग चालू असताना पॅनेलच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बॅटरीच्या अगदी जवळ खेचलं गेलेलं असतं, कारण आतला मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, दोघांना थेट जोडतो. कडक ऊन आहे, बॅटरी उतरलेली आहे, कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर व्होल्टेज नीट पोचतंय, आणि तरी पॅनेलच्या टर्मिनलवर २१ व्होल्ट तसेच उभे आहेत, करंट शून्य: मॉसफेट उघडा पडलाय, जोडणी होतच नाही. याच्या उलट बॅटरी भरली तरी करंट थांबत नाही, व्होल्टेज १५, १६ कडे चाललंय, बॅटरी खदखदतेय आणि आंबूस वास येतोय: मॉसफेट शॉर्ट झालाय, पॅनेल ताबडतोब तोडायला हवं. एमपीपीटी कंट्रोलर मध्ये कन्व्हर्टर ठेवून पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवतो, म्हणून तिथे पॅनेलचा आकडा बॅटरीच्या वरच राहतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६० सेलचं पॅनेल लावायचं असेल तर तोच हवा. पीडब्ल्यूएमवर त्या पॅनेलची निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते, आणि मग लोक कंट्रोलरला 'बिघडला' म्हणतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मला बनवणाऱ्यांशी भांडायचं आहे. मोठ्या, महागड्या कंट्रोलरना आणखी दोन बारीक टर्मिनल असतात, फक्त बॅटरीचं व्होल्टेज जाणून घेण्यासाठी. त्यांतून दोन पातळ वायरी थेट बॅटरीच्या खुंटांपर्यंत न्यायच्या, खुंटाजवळ लहान फ्यूज घालून. त्या वायरींतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्यात व्होल्टेज सांडत नाही आणि बॅटरीवर जे आहे तेच कंट्रोलरला दिसतं. मुख्य केबलमध्ये अर्धा व्होल्ट गेला तरी तो ते ओळखून वर उचलून देतो, आणि फरक फार वाढला तर इशाराही देऊ शकतो. एवढी सोय करायला दोन स्क्रू आणि थोडंसं सर्किट पुरतं. लहान घरांत जे छोटे कंट्रोलर बसतात, जिथे केबल बारीक असते, लग पकडीने चेपलेले असतात आणि मीटर घेऊन बघणारं कुणी नसतं, नेमके तेच या सोयीवाचून विकले जातात. बॅटरी ही या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात लवकर झिजणारी, पुन्हा पुन्हा पैसे घेणारी वस्तू आहे, आणि तिचं व्होल्टेज मात्र अंदाजाने धरायचं, हे मला पटत नाही. आमचा कंट्रोलर अजून चांगला चालतोय, त्यामुळे तो बदलणार नाही. पण बदलायची वेळ आली की खालच्या बाजूला ती दोन बारीक टर्मिनल आहेत का, हे मी सगळ्यात आधी पाहणार आहे.